सुपारीची ओळ आणि सोनेरी छर्रे

मुरुडच्या किनाऱ्यावर संध्याकाळी चारनंतर कुणालाही विचारा, आवडाबाई कुठे बसते म्हणून. पत्ता सांगायच्या भानगडीत कुणी पडणार नाही. नुसतं म्हणतील, "कान द्या, ऐकू येईल." आणि येतंच. घोडागाडीवाल्यांची हाकाटी, भेळवालीच्या पातेल्याचा खणखणाट, लाटांची गाज, या सगळ्यावर ताण करून एक आवाज किनाराभर फिरत असतो. "या दादा, या वैनी! फुगा फोडा, मन मोकळं करा! बंदूक सरळ हाय, पुढचं तुमचं तुम्ही बघा!"

सत्तावन्न वर्षांची बाई. काष्टा घट्ट मारलेला, केसात अबोलीचा वळेसर, आणि तोंडाचा पट्टा असा की पुण्याहून आलेला वकील असो की मुंबईचा पोलीस, तिच्याशी बोलण्यात कुणी जिंकून गेल्याचं ऐकिवात नाही. सकाळी मच्छीबाजारात पाटी, दुपारी घटकाभर पडायचं, आणि चारच्या ठोक्याला किनाऱ्यावर हजर. चार बांबू, वर ताडपत्री, मध्ये एक रुंद फळी, फळीवर फुग्यांच्या ओळी. फळीच्या मागे जुनं मासेमारीचं जाळं चौपदरी करून टांगलेलं, म्हणजे चुकलेला छर्रा तिथेच अडकावा. आणि तीन एअरगन. थोरली, मधली, धाकटी. त्यांना ती याच नावांनी हाका मारते आणि गिऱ्हाइकाने बंदुकीचा मागचा लाकडी दस्ता खाली आपटला तर सख्ख्या लेकीला चापट बसावी तशी कळवळते.

हा धंदा तिच्या वाट्याला आला तीही एक गंमतच आहे. तिचा नवरा चंदर होडीवर खलाशी होता. एका पावसाळ्याआधी होड्या वर ओढल्या, हातात वेळ, आणि हा गृहस्थ कुठल्याशा जत्रेतून घरी आला तो जुनी एअरगन खांद्यावर टाकून. म्हणे, वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे येतात. आवडाबाईने तीन दिवस त्याला धारेवर धरलं. चौथ्या दिवशी चंदर बाहेर गेलेला बघून तिने परसात एक रिकामा डबा ठेवला, बंदूक उचलली आणि खटका ओढला. डबा खण्णकन उडाला. बाईच्या अंगावर असा काही शहारा आला की तिने तिथल्या तिथे आणखी नऊ वेळा डबा उडवला. कावळे राहिले बाजूला. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत किनाऱ्यावर ताडपत्री उभी राहिली. चंदर जाऊन आता आठ वर्षं झाली, पण थोरली बंदूक तीच.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बंदुकीच्या नळीच्या टोकावर एक बारीक खुंटी असते, तिला माशी म्हणतात. तिच्यावरून नेम धरायचा. जत्रेतल्या कित्येक फुगेवाल्यांना एक जुनी खोड असते. ती माशी हलकेच वाकवून ठेवायची. गिऱ्हाईक जीव तोडून नेम धरतं, छर्रा बाजूने जातो, फुगा वाचतो. आवडाबाईने तीस वर्षांत हे कधी केलं नाही. का नाही केलं, तर तिला राग येतो म्हणून. "अरे, माणूस पोराबाळांसमोर बंदूक धरतोय, बायको कौतुकानं बघतेय, आणि आपण त्याचा पोपट करायचा? हाड!" एवढंच तिचं म्हणणं.

म्हणूनच तिच्या फळीवर, फुग्यांच्याही वर, एक खास ओळ होती. दहा सुपाऱ्या, दोऱ्याने टांगलेल्या. वाऱ्यावर जरा डोलणाऱ्या. फुगा काय, कुणीही फोडतो. सुपारी उडवायची तर बंदूक शंभर टक्के सरळ हवी आणि हात दगडासारखा. ती ओळ म्हणजे आवडाबाईच्या सच्चेपणाची पाटीच होती. आणि त्या ओळीचा मानकरी होता दिनानाथ.

दिनानाथदादा मूळचे पेणकडचे, आगरी. एसटीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर, मुरुड डेपोत आले ते इथलेच होऊन गेले. निवृत्त झाल्यावर दर रविवारी पाचला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, चष्मा पुसत पुसत यायचे. थोरली बंदूक मागायचे. दहा छर्रे, दहा सुपाऱ्या. कधी सात, कधी आठ, आणि एकदा दहाच्या दहा उडवल्या तेव्हा आवडाबाईने सगळ्या किनाऱ्याला भेळ खिलवली होती. दोघांत बोलणं फारसं व्हायचं नाही, म्हणजे दादा बोलायचे नाहीत. पण आवडाबाईला रविवार आहे हे कॅलेंडरवरून नव्हे, दादांच्या शर्टावरून कळायचं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना घरात सून आली.

सुनेचं नाव विनिता. मुलगा जीवन मांडव्याच्या जेट्टीवर बोटीच्या तिकिटांचं काम करतो, आठवड्यातून एकदा घरी. विनिता शिकलेली, गावातल्या दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम तिला लागलं. कमी बोलणारी, नीटनेटकी. आवडाबाईला पहिले दोन महिने भीतीच वाटायची तिची. एवढी गप्प पोरगी मनात काय ठेवत असेल, देव जाणे.

मनात काय होतं ते पहिल्या पगाराला कळलं. कुरियरवाला खोकं टाकून गेला. विनिताने ते सासूच्या पुढ्यात ठेवलं. आवडाबाईला वाटलं साडी. उघडून बघते तर गोल चपटे पाच डबे, आणि आत छर्रे. पण कसले! आपले करडे, मळकट नव्हेत. सोन्याच्या मण्यांसारखे लखलखीत.

"हे कोटिंगवाले आहेत, आई," विनिता म्हणाली. "आतून शिसंच, पण वर तांब्याचा पातळ थर असतो. तुम्ही रोज दोनदोनशे छर्रे हातात घेता. तुमची बोटं बघा, कशी काळी पडतात. ते शिसं आहे. पोटात गेलं तर वाईट. आणि लहान मुलं छर्रा भरतात, मग त्याच हाताने भेळ खातात."

आवडाबाईने आपली बोटं बघितली. तीस वर्षं ती बोटं अशीच होती. कुणी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. कुणी माया लावली की ती नेहमी करते तेच तिने केलं, म्हणजे ओरडली. "अगो, पहिला पगार हाय तुझा! सोताला एक पातळ घ्यायचं सोडून म्हातारीला छर्रे आणलेस? येडी की काय!" आणि पदराने तोंड पुसत चुलीकडे गेली.

पण दुसऱ्या दिवशी बघावं तर स्वारी किनाऱ्यावर डबा उघडून बसलेली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतेय. "बघा, सोन्याचे छर्रे! माझ्या सुनेनं आणलेत, पहिल्या पगारात! हात लावा, काळा होतोय का बघा. न्हाय ना? शिकलेली सून हाय माझी." शेजारी भेळेची गाडी लावणारी मनुबाई तर चार दिवसांत ते ऐकून ऐकून कावली. "आवडे, तुझ्या सुनेचे छर्रे आता माझ्या भेळेत टाक, म्हणजे मी सुटले," म्हणाली.

आणि छर्रे गुणाचे होतेच, खोटं कशाला बोला. खाऱ्या वाऱ्यात शिशाचे छर्रे हळूहळू पांढरे पडत जातात, पीठ लावल्यासारखे. हे सोनेरी जसेच्या तसे. बंदुकीच्या नळीतून फडकं ओढलं की पूर्वी काजळ निघायचं, आता फडकं स्वच्छ. हात स्वच्छ, पोरांचे हात स्वच्छ. जुने करडे छर्रे तिने माळ्यावर टाकून दिले.

फक्त एक झालं. फुगे फुटेनात.

म्हणजे अगदीच फुटत नव्हते असं नाही. पण पूर्वी दहात सहा फोडणारा आता तीनावर येऊ लागला. एकदोन छर्रे तर फळीवर आपटून टण्णकन उलटे आले, तेव्हा आवडाबाईने फळीवर गोणपाट ठोकलं. पर्यटक कुरकुरायला लागले. आवडाबाईने नेहमीप्रमाणे त्यांची फिरकी घेतली, "नेम बायकोकडे आणि बंदूक फुग्याकडे, कसा फुटंल दादा?" लोक हसले, गेले.

मग रविवारी दिनानाथदादा आले. दहात दोन.

दादांनी चष्मा पुसला आणि गेले. पुढच्या रविवारी तीन. त्याच्या पुढच्या रविवारी एक. एकच सुपारी हलली, तीही दोऱ्याला लागून. शेजारी कुणी जाडजूड पाहुणा आइस्क्रीम चाटत उभा होता. तो म्हणाला, "काका, कशाला मनाला लावून घेता? हे सगळे स्टॉलवाले माशी वाकवून ठेवतात. धंदाच आहे त्यांचा."

आवडाबाई त्याला सोलून काढणार होती. तोंड उघडलं होतं तिने. पण दादांनी थोरली बंदूक डोळ्यासमोर धरली, नळीच्या टोकाकडे बराच वेळ बघितलं, मग ती अलगद खाली ठेवली. आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "आवडे, तू पण?"

एवढंच. ओरडून नाही, रागाने नाही. आणि वळून चालायला लागले. चारपाच जणांनी ऐकलं, मनुबाईने ऐकलं, घोडागाडीवाल्या मोहम्मदने ऐकलं. उघडलेलं तोंड आवडाबाईने मिटलं. 

त्यानंतरच्या रविवारी दादा आले नाहीत. मुरुड केवढंसं गाव! दोन दिवसांत बाजारात कुजबुज सुरू झाली. आवडाबाईने माशी वाकवली म्हणे. म्हातारपणी बुद्धी फिरली. मासे घ्यायला आलेल्या बायका पापलेट उलटंपालटं करून दोनदोनदा बघायला लागल्या, जसं काही तीही वाकवली असतील. फसवलं गेल्याचं दुःख दादांना असेल. पण तीस वर्षं जपलेलं नाव असं चिखलात पडलेलं बघून आवडाबाईला रात्र रात्र झोप येईना. जेवण जाईना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःलाच कळेना, की माशी सरळ असताना नेम चुकतो कसा?

एका दुपारी विनिता दवाखान्यात गेलेली बघून तिने थोरली काढली. परसात नारळाच्या झाडाला एक फळकूट बांधलं, त्यावर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं लावलं, मधोमध कोळशाने टिंब काढलं. बारा पावलं मोजली, बंदूक पाटावर टेकवली आणि सोनेरी दहा छर्रे सोडले. जाऊन बघते तर काय, पानभर भोकं! एक वर, एक खाली, एक पार कोपऱ्यात. मूठभर तांदूळ भिरकावले असावेत तशी. मग ती माळ्यावर चढली, जुने करडे छर्रे काढले, दुसरं पान लावलं, पुन्हा दहा. दहाही भोकं एका जागी. वर कुंकवाचा करंडा ठेवला असता तर सगळी झाकली असती.

आवडाबाई मटकन पायरीवर बसली. चौथी शिकलेली बाई, पण तीस वर्षं नळीत डोळा घातलेला. तिला क्षणात उमगलं. माशी वाकडी असती तर सगळे छर्रे एकाच बाजूला गेले असते, एकजुटीने. हे तर विखुरले होते. म्हणजे दोष माशीचा नव्हे, छर्ऱ्याचा. साधं शिसं मऊ असतं. नळीच्या आत बारीक आटे असतात, शिसं त्यांत दाबून बसतं, आट्यांबरोबर फिरतं आणि सरळ सुटतं. हा वरचा तांब्याचा थर कडक. आणि तिच्या बंदुका म्हाताऱ्या, नळ्या झिजलेल्या. नव्या बंदुकीत हाच छर्रा कदाचित घट्ट बसला असता. तिच्या थोरलीत तो नुसता खुळखुळत बाहेर पडत होता.

सुटली! नाव वाचलं! ती पान हातात घेऊन उठली सुद्धा, अशीच्या अशी दादांच्या घरी जायला. आणि दारातच थांबली.

काय सांगणार होती ती? की माझी बंदूक सरळ हाय, छर्रे खराब हायत? आणि छर्रे कुणी आणले, हे तर तिनेच महिनाभर बोंबलून साऱ्या किनाऱ्याला सांगितलं होतं. उद्या हेच लोक म्हणणार, सुनेने पहिल्या पगारात सासूचा धंदा बुडवला. पोर चार महिन्यांपूर्वी या घरात आलेली. तिचं ते खोकं पुढ्यात ठेवणं, तिचं "तुमची बोटं बघा" म्हणणं. छे! आवडाबाईने दोन्ही पानांवर सवयीने पेन्सिलीने "नवे", "जुने" लिहिलं, घडी घातली आणि सुक्या बोंबलांच्या डब्यात तळाशी सारली. "माझं काय," ती स्वतःशी म्हणाली, "मला बोलतील तर बोलू देत. मी पुरून उरंन सगळ्यांना."

पण नुसती गप्प बसेल तर ती आवडाबाई कसली! तिने डोकं चालवलं. कोटिंग म्हणजे काय, वरचा थरच ना? मग आपणच देऊ. जुने करडे छर्रे घ्यायचे आणि त्यांना असा थर द्यायचा की ते चमकतीलही आणि हातही काळे होणार नाहीत. आता कोकणातल्या बाईला थर द्यायला सुचणार काय? खोबरेल! केसाला खोबरेल, पायाला खोबरेल, गंजलेल्या कडीला खोबरेल, तर छर्ऱ्याने काय घोडं मारलंय? तिने वाटीभर छर्रे खोबरेलात छान बुचकळले आणि संध्याकाळी डब्यात भरून नेले. छान तुकतुकीत दिसत होते.

पहिलं गिऱ्हाईक पुण्याचं नवं जोडपं. नवऱ्याने ऐटीत मधली उचलली, डोळा मिटला, खटका ओढला. आणि ठाप्पकन असा आवाज झाला की घोडागाडीचं घोडं दोन पायांवर उभं राहिलं. नळीच्या तोंडातून पांढरा धूर. छर्रा फुगे सोडून, सुपाऱ्या सोडून, वरच्या ताडपत्रीला भोक पाडून गेला. त्याचं असं आहे, एअरगनच्या आत हवा जोरात दाबली जाते, तापते, आणि तिथे तेल सापडलं की ते पेट घेतं. आवडाबाईला हे कुठून माहीत असणार? ती आ वासून बघत राहिली, आणि किनाऱ्यावर खमंग वास पसरला.

"आवडे," मनुबाई गाडीवरून ओरडली, "बंदुकीत वडे तळतेस व्हय?"

नवरा बिचारा बंदूक टाकून बायकोच्या मागे लपला होता. बायको हसून हसून वाळूत बसली. सगळा किनारा हसला, आवडाबाईही हसली, कारण हसू येण्यासारखंच होतं. पण घरी आल्यावर तिने ते तेलकट छर्रे माळ्यावर फेकले आणि पुन्हा सोनेरी डबा काढला. नुसते करडे नेले तर विनिताच्या ध्यानात आलं असतं, दुसरा इलाज नव्हता. विनिताने विचारलं, "आई, आज दमलात?" ती म्हणाली, "न्हाय गो, जरा डोकं दुखतंय."

पुढचा रविवार आला. आवडाबाई फळीवर फुगे लावत होती, पण आरोळी देत नव्हती. मोहम्मद दोनदा येऊन विचारून गेला, बरं नाही का म्हणून. पाच वाजले. तिने सवयीने रस्त्याकडे बघितलं आणि मग स्वतःवरच चिडून मान फिरवली. आणि पुन्हा बघितलं. पांढरा शर्ट येत होता. शर्टाच्या पुढे, तरातरा वाळू तुडवत, विनिता.

"या काका, इथे उभे राहा," विनिता म्हणाली. तिच्या हातात कॅलेंडरची दोन पानं होती. त्यांना बोंबलाचा वास येत होता.

आवडाबाईच्या हातातला फुगा सुटला. शनिवारी कालवणाला बोंबील कुणी काढले ते तिला आत्ता आठवलं.

"विनिता, घरी जा बाय," ती खालच्या आवाजात म्हणाली.

विनिता गेली नाही. तिने फळीवर दोन कोरी पानं लावली, मधोमध टिंबं काढली, दोन डबे पुढे ठेवले, एक सोनेरी, एक करडा. आणि एवढी गप्प पोरगी, किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी आयुष्यात बंदूक धरलेली नाही. या बंदुकीची माशी कुठे वाकवली आहे हे मला ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा मी मारते. काका, तुम्ही बघा."

माणसं जमायला लागली. मनुबाईने भेळेचं पातेलं टाकलं आणि आली. आता मात्र आवडाबाईला राहवेना. ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"कशाला ह्या पोरीला तरास!" ती दादांना म्हणाली. "व्हय, माशी वाकलीच व्हती! म्हणजे मीच... माझ्याच हातनं... वाकवली मी! झालं समाधान?"

या किनाऱ्यावर तीस वर्षांत पहिल्यांदा ती खोटं बोलली, आणि इतकं वाईट बोलली की कुणाचाच विश्वास बसला नाही.

"आई," विनिता म्हणाली, "तुम्ही गप्प बसा."

 आवडाबाईला गप्प बस म्हणणारं माणूस मुरुडने पाहिलं नव्हतं. मनुबाईने तर तोंडावर हात ठेवला. आणि नवल म्हणजे आवडाबाई बसली गप्प.

विनिताने बंदूक सोबत आणलेल्या पाटावर टेकवली. पहिल्या खटक्याला तिचे डोळे घट्ट मिटले होते, सगळे हसले. दहा सोनेरी झाले. मग दहा करडे. शेवटी शेवटी तर ती बरीच रंगात आली होती, नळी बिजागरीवर खाली दुमडून छर्रा भरायची घाई करत होती. दादा पुढे गेले. दोन्ही पानं काढून आणली आणि उन्हाकडे धरली. सोनेरी छर्ऱ्यांचं पान चाळण झालं होतं. करड्यांची भोकं टिंबाच्या बरीच खाली होती, कारण नेम नवशिकीचा. पण सगळी एकमेकांना चिकटून.

दादांनी दोन्ही पानांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "स्टेअरिंग वाकडं असलं तर गाडी एकाच अंगाला ओढते. सारखी, न चुकता. ही गाडी तशी ओढत नाय. ह्या गाडीचं चाक ढिलं हाय." त्यांनी सोनेरी छर्रा चिमटीत धरला. "चाक म्हणजे हे."

"हो," विनिता म्हणाली. "आणि ते मी आणलं. हात स्वच्छ राहतात एवढंच मी वाचलं होतं. नेमाचं काय होतं ते मी वाचलंच नाही. आईंनी माशी वाकवली नाही. माझी चूक होती."

दादांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून उभे राहिले. मग आवडाबाईसमोर आले. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, त्याने चारचौघांत दोन्ही कान पकडले. "आवडे, चुकलो मी. तुला विचारायला पायजे होतं. मी विचारलं न्हाय, सरळ बोललो."

"कान सोडा दादा, चष्मा पडंल," आवडाबाई म्हणाली.  "आन् दहा सुपाऱ्या उडवल्याबिगर घरी जायचं न्हाय आज."

दादांनी करडे छर्रे घेतले. पहिली सुपारी उडाली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाचवीला मोहम्मद घोडागाडी सोडून आला. नववी उडेपर्यंत सगळा किनारा आकडे मोजायला लागला होता. दहावी चुकली. "ही माझी," दादा म्हणाले, "बंदुकीची न्हाय," आणि मग जो हशा झाला तो समुद्रावरच्या होडीपर्यंत गेला असेल.

तिथल्या तिथे सासूसुनेचं ठरलंसुद्धा. दोघींनी किनाऱ्यासमोरच हुज्जत घातली, कारण विनिता हाताचं सोडायला तयार नव्हती आणि आवडाबाई नेमाचं. शेवटी ठरलं ते असं: सुपारीच्या ओळीला आणि मोठ्यांना साधे करडे छर्रे, पण छर्रा भरणार आवडाबाई, चिमट्याने. शेजारी बादली आणि साबण, हात धुतल्याशिवाय कुणी भेळेच्या गाडीकडे जायचं नाही. मनुबाईने त्याला लगेच मान्यता दिली. आणि सोनेरी छर्रे लहान पोरांना. त्यांच्यासाठी मोठे मोठे फुगे थेट जाळ्यावर टांगायचे, फळी नाहीच मध्ये. कुठेही लागलं तरी फुटेल आणि पोराचा हात स्वच्छ राहील.

उजेड उतरायला लागला तशी गर्दी पांगली. दोघी ताडपत्री उतरवत होत्या. आवडाबाईने दोरीची गाठ सोडता सोडता इतका वेळ दाबून ठेवलेलं बोलून टाकलं.

"कशाला गो बोललीस एवढ्या लोकांत? उद्या बाजारात तुझंच नाव घेतील. म्हणतील, सुनेनं घोळ घातला. लोकांच्या तोंडाला हात लावता येतो का? तुला काय पडलं व्हतं?"

विनिता ताडपत्रीची घडी घालत होती. तिने वर न बघताच विचारलं, "आणि तुम्ही इतके दिवस माझ्यासाठी काय करत होतात, आई?"

  आवडाबाईला रडू आलं, आणि रडता रडता हसूही आलं, आणि ती तशीच, दोरी हातात धरून, सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.